न्यायला ये

माघ सरत आला की माजलगावच्या हवेला दोन वास येतात. वारा कारखान्याकडून असला तर मळीचा, आंबूस, कपड्यांत बसणारा. वारा पडला तर मांडवांतल्या तळणाचा आणि ओल्या हळदीचा. ऊस संपत आलेला असतो. रस्त्याकडेच्या बाभळींना पाचट अडकलेलं असतं, आणि ज्या ट्रॉल्यांनी चार महिने ऊस ओढला त्यांच्यावरच आता स्पीकरच्या भिंती चढायला लागतात. एक हंगाम नीट संपलेलाही नसतो, तोवर दुसरा त्याच्या अंगावर येतो. मी या दुसऱ्यावर जगतो.

तेलगावच्या रस्त्याला, टायरच्या दुकानावर, माझी एक खोली आहे. पूर्वी मी बँडात कीबोर्ड वाजवायचो. हळदीत उभं राहून राहून पाय सुजायला लागले तेव्हा बसून करायचं काम शोधलं. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, खिडकीला वाकळ लावली, एक बरा माईक आणला आणि रेकॉर्डिंगची पाटी लावली. लग्नसराईत नवरदेवाचे भाऊ येतात, मित्र येतात. ‘भैय्या, गाण्यात आमच्या भावाचं नाव टाका,’ म्हणतात. मी टाकतो. हे काम मला आवडतं, तेही आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मी बाहेरून पाहिलं असं वाटेल.

समीना आली तेव्हा गाळप जोरात होतं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याच्या फाटकापर्यंत लागलेली असायची आणि त्या रांगेत एखादी तरी ट्रॉली एक्सल तुटून बसलेली. अशा ट्रॉल्या दुरुस्त करणारे रफिकचाचा हे तिचे वडील. त्यांचं वेल्डिंगचं दुकान माझ्या जिन्यावरून दिसतं. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, दुपारी वडिलांना डबा द्यायला यायची. एक दिवस डबा देऊन ती सरळ माझा जिना चढून वर आली. ओढणीचं टोक मुठीत धरून म्हणाली, ‘भैय्या, एक गाणं हाय. मीच केलेलं हाय. भरून देता का?’

मला वाटलं, गॅदरिंगचं असेल. मी कीबोर्डकडे वळलो तर म्हणाली, ‘वाजवू नका काही.’ आणि उभ्या उभ्या गायली.

अब्बा, न्यायला ये
घरापोतूर नको, फाट्यापोतूर ये
चप्पल तुटली तर तुटू दे
मी अनवाणी येते, तू फाट्यापोतूर ये

तिचा आवाज गोड नव्हता. थोडा घोगरा, तापातून उठलेल्या माणसासारखा. शेवटच्या वेळी ‘अब्बा’ म्हणताना तो मधोमध चिरला. मी म्हणालो, तेवढं परत घेऊ.

‘न्हाई. तसंच ऱ्हाऊ द्या. ती तशीच म्हणलती.’

‘कोण?’

मग तिनं सांगितलं. यास्मीन, तिची थोरली बहीण, कडा गावाच्या अलीकडं एका वस्तीवर दिलेली. दोन वर्षांपूर्वी, अशाच हंगामात, भर दुपारी तिचा दुकानावर फोन आला. चाचांचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून समीनानं फोन त्यांच्या कानाशी धरला होता. तिलाही सगळं ऐकू येत होतं. यास्मीन म्हणत होती, लेने को आओ. मग म्हणाली, घरी येऊ नका, नुसतं फाट्यापर्यंत या, मी चालत येते. वडिलांना कायम अहो-जाहो करणारी ती मुलगी शेवटी ‘आओ’वरून ‘आ जा’वर आली. चाचा म्हणाले, ‘सीझन है बेटा, गाड्या खड्या हैं. आठ दिन में आता.’ पाचव्या दिवशी सासऱ्याचा फोन आला. विहिरीवर पाय घसरला, असं तो म्हणाला. चाचांनी तिथं कुणाला काही विचारलं नाही. माती देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

‘चाचांनी ऐकलंय हे गाणं?’ मी विचारलं.

‘न्हाई. ऐकवणार बी न्हाई. जगाला ऐकू द्या. त्यांना नको.’

तिच्या परवानगीनं मी गाण्याचा एक तुकडा नेटवर टाकला. फार लोकांनी ऐकला असंही नाही, पण ज्यांनी ऐकला त्यांत पुण्याच्या एका म्युझिक कंपनीचा माणूस होता. करण त्याचं नाव. आठवड्यात तो स्वतः आला. पांढऱ्या बुटांनी ट्रॉल्यांमधून वाट काढत आला, बूट दारात काढून आत आला, मला दादा म्हणाला, भिंतीवरच्या गाद्यांचं कौतुक केलं. कुणाला वाईट वाटेल असं तो त्या दिवशी काही बोलला नाही, आणि पुढंही कधी आवाज चढवून बोलला नाही. ‘समीना जरा लांब वाटतं. सॅमी करू,’ म्हणाला. समीना त्या नावावर पोट धरून हसली.

कराराचे कागद इंग्रजीत होते. तिनं ते माझ्यापुढं सरकवले. ‘काय लिवलंय भैय्या?’

मी वाचले. गाणं, आवाज आणि आवाजाचा कोणताही भाग, कोणत्याही रूपात, कायमचा कंपनीचा, असं एका पानावर होतं. पाच वर्षं दुसरीकडे गायचं नाही, असं त्याच्या पुढच्या. दोन्ही पानं मला समजली. जिना चढताना करणनं मला सांगितलं होतं की इथून पुढच्या गाण्यांचं संगीत तुम्हीच करायचं. ‘नेहमीचंच असतंय,’ मी म्हणालो आणि पान उलटलं.

चाचांना साक्षीदार म्हणून वर बोलावलं. त्यांनी रॉकेलनं हात धुतले होते, तरी सहीशेजारी अंगठ्याचा काळा डाग पडला. ‘किसका गाना है?’ त्यांनी मुलीला विचारलं. ‘शादी का, अब्बा,’ ती म्हणाली. ‘अच्छा,’ म्हणाले आणि लगेच खाली गेले. ट्रॉली उभी होती.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी कुणाला सांगत नाही, कारण ते चांगले होते. कॉलेज सुटलं की समीना यायची, जमिनीवर मांडी घालून बसायची, शेंगा फोडत फोडत गाणी करायची. एक गाणं कॉलेजच्या कोरड्या नळावर होतं, एक एसटीत जागा धरणाऱ्या रुमालावर. तिला सुरांची नावं येत नव्हती. काय नको ते मात्र पक्कं माहीत होतं. ‘ढोलकी नको. घाई करायली ती.’ ‘हितं श्वास ऐकू येऊ द्या.’ आयुष्यभर मी ऐकणाऱ्याला काय हवं ते वाजवत आलो. समोर बसून एवढ्या मोकळेपणानं नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मला तिचा हेवा वाटायचा. त्या हेव्याचा पुढच्या गोष्टीत काही वाटा नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

मग करणचा फोन आला. समीना समोरच होती, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

‘सॅमी, गाणं कमाल आहे. फक्त वेग वाढवायचाय. आणि तो अब्बा काढायचा.’

‘कावून?’

‘हळदीत कोण बापाला बोलावतं? राजा म्हण. राजा, न्यायला ये. बाकी एक अक्षर मी बदलत नाही.’

‘ते माझ्या बहिणीचं बोलणं हाय.’

‘हो, दादांनी सांगितलं मला. फार वाईट वाटलं. पण ऐकणाऱ्याला कुठं माहितीये?’

समीनानं माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाली, ‘मी न्हाई म्हणणार.’

‘नको म्हणूस. आवाज आहे आपल्याकडे,’ करण म्हणाला. घरात साखर आहे, असं सांगावं इतक्या सहज.

ती यायची बंद झाली. कंपनीला तिनं लिहून कळवलं की गाणं परत द्या. उत्तर वकिलाचं आलं, ते तिनं पोस्टमनकडून परस्पर घेऊन कॉलेजच्या पुस्तकात लपवलं. आणि करणनं काम माझ्याकडे पाठवलं.

ती दुपार मला मिनिटामिनिटानं आठवते. खाली टायरवाला हवा भरत होता, समोर चाचांच्या वेल्डिंगचा निळा उजेड वाकळेच्या फटीतून भिंतीवर लखलखत होता. ‘राजा’ हा शब्द समीनाच्या आवाजात माझ्याकडे होता. महिनाभर आधी, माझ्या आग्रहाखातर, तिनं एका साडीच्या दुकानाची जाहिरात गायली होती, राजा-राणीची जोडी की काय अशी. त्यातला ‘राजा’ मी उचलला. दोन अक्षरं. ‘अब्बा’चीही दोनच. जिथं जिथं ‘अब्बा’ होतं ते काढलं आणि तिथं हे बसवलं. श्वास कापले. आवाज चिरला होता तिथं सरळ केला. वेग वाढवत नेला तसा त्या आवाजातला थकवा कमी कमी होत गेला आणि एका ठिकाणी त्याचा नखरा झाला. हलगी टाकली, ट्रॅक्टरचा हॉर्न टाकला. काम चांगलं झालं. इतकं चांगलं मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही मला जमलेलं नाही.

फाल्गुनात गाणं सगळीकडे होतं. पाटोद्याच्या बाजारात, गेवराईच्या लॉनवर, कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांवर. ‘मी अनवाणी येते’ ही ओळ आली की हळदीतल्या बाया पायातल्या चपला भिरकावून नाचायच्या. कुठून सुरू झालं ते कळलं नाही, पण रीतच पडली. मांडवाच्या कडेला चपलांचा ढीग पडायचा. मी स्वतः पाहिलंय. नवरीची आईसुद्धा नाचली होती, डोळे मिटून, आणि तिच्या चेहऱ्यावर खरं सुख होतं. ते पाहून मला बरं वाटलं होतं, एवढं सांगतो आणि पुढं जातो.

चाचांच्या दुकानावर येणारा प्रत्येक ट्रॅक्टर तेच वाजवत यायचा. ड्रायव्हर कौतुकानं म्हणायचे, ‘चाचा, तुमच्याच पोरीचं हाय की हे!’ चाचा पहिल्या ‘राजा’लाच टेप बंद करायचे, मग वेल्डिंगची काच डोळ्यांवर घ्यायचे. आपली मुलगी कुणा राजासाठी गातेय, एवढंच त्यांना समजलं होतं. तिच्याशी बोलणं त्यांनी सोडलं. डबा आता शेजारच्या बाई आणून देऊ लागल्या.

एका दुपारी समीना आली. बसली नाही. ‘भैय्या, ह्यात राजा कुठून आलं? मी तर कधी म्हणले न्हाई.’

‘साडीच्या जाहिरातीतलं.’

‘दाखवा.’

मी पडद्यावर दाखवलं. तिच्या आवाजाची लांब निळी पट्टी, आणि तिच्यात जागोजागी बसवलेले हिरवे तुकडे. जिथं हिरवं निळ्याला चिकटलं होतं तिथं तिनं बोट ठेवलं. ‘किती बारीक जोडलंय भैय्या,’ ती म्हणाली. क्षणभर मला ते कौतुक वाटलं.

नंतर तिनं घरी, फोनवर, खरं गाणं पुन्हा गाऊन नेटवर टाकलं. दोन दिवसांत ते उतरवलं गेलं. या गाण्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत, असा तिच्या नावानं निरोप आला. खाली तेवढ्यात कुणीतरी लिहून गेलं होतं, ओरिजिनलची मजा नाही.

शेवटी तिनं वडिलांनाच विनवलं. बहिणीचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली की माझे शब्द बदललेत, ते बंद करायला तुम्ही सोबत चला. चाचा दोन दिवस वेल्डिंग करत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावलं. चालू हंगामात ते दुकान बंद राहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. ऑफिस मला ठाऊक होतं, म्हणून मीही गेलो. त्याच दिवशी निघून तिघं पुण्याला समीनाच्या मावशीकडं उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑफिसात पोचलो.

तिथं एसीत चाचांना हुडहुडी भरली. सॅमी आली म्हणून मुलंमुली टेबलं सोडून बघायला आली. एका मुलीनं गालिच्यावर सँडल काढून ती ओळ नाचून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचा सोफ्याच्या अगदी कडेवर बसले होते, घासून घासून धुतलेले हात मांडीवर ठेवून. करणनं वाकून त्यांना नमस्कार केला.

‘गाणं बंद करा,’ समीना म्हणाली. ‘न्हाईतर माझं होतं तसं लावा.’

‘आपण काकांनाच विचारू ना,’ करण म्हणाला. ‘दोन्ही ऐकवतो. त्यांनी ठरवावं.’

‘नको!’ ती उठलीच. ‘त्यांना नको. भैय्या, सांगा की ह्याला!’

मी सांगेपर्यंत त्यानं बटण दाबलं होतं. किंवा असं म्हणतो की मी सांगितलं नाही.

भिंतीतल्या मोठ्या स्पीकरांतून तिचा आवाज आला. आधी चाचांच्या तोंडावर हसू उमटलं, कारण पोरगी नीट गात होती, आणि शब्द ‘अब्बा’ होता, राजा नव्हता. मग ‘फाट्यापोतूर ये’ आलं. त्यांना आपले हात कुठं ठेवावे ते कळेना. मांडीवरून उचलले, गुडघ्यावर ठेवले, मग काखेत धरले. समीना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ‘अब्बा’ चिरलं. गाणं संपलं.

‘सुंदर आहे, काका,’ करण म्हणाला. ‘पण लग्नात वाजेल का?’

‘बंद करो.’

‘संपलंय, काका.’

‘ये कब्बी नक्को बजाव.’ चाचांचा आवाज अगदी बारीक निघाला. ‘जो बजराय, वोच रखो. राजावाला.’

‘अब्बा...’

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ‘राजावालाच अच्छा है.’

करणला खरोखर आनंद झाला. ‘बघ सॅमी, काकांना पटलं,’ म्हणाला आणि आमच्यासाठी चहा मागवला. चाचांनी तो फुंकर न घालता, एका घोटात प्यायला.

परतीची एसटी नगरवरून कड्यातून जाते. चाचा खिडकीशी, समीना मध्ये, मी कडेला. कडा मागं पडलं आणि भर उन्हात, एका फाट्यावर कुणी हात दाखवून गाडी थांबवली. चाचा उठून उभे राहिले. एक बाई पिशवी घेऊन चढली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी सुटली, तरी ते उभेच. समीनानं त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. बीड येईपर्यंत तिनं शर्ट सोडला नाही.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे त्या सालचं गाळप बंद झालं, त्या दिवशी ती शेवटची माझ्याकडे आली. रस्ता एकदम मोकळा झाला होता, इतका की माणसांची बोलणी ऐकू येत होती. ‘ते पहिलं गाणं काढून टाका तुमच्याकडचं,’ म्हणाली.

‘पुण्यात आहेच की त्यांच्याकडं.’

‘असू द्या. तिथं अब्बा जात न्हाईत. तुमी समोर हाय.’

मी फाइल उघडली. तिनं कानाला हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐकलं. मला काही ऐकू येत नव्हतं, तिचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि त्यावर मला काहीच वाचता आलं नाही. मग तिनं स्वतःच बटण दाबलं. कचऱ्यातूनही गेलं का ते विचारून खात्री केली आणि जिना उतरून गेली. करारातली उरलेली वर्षं ती गायली नाही, आणि करार संपल्यावरही नाही. कंपनीनं पुढच्या सीझनला दुसरी सॅमी आणली. तिचं संगीत मी केलं.

गेल्या महिन्यात करणचा फोन आला. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे. ‘दादा, सध्या संथ गाणी चालतायत. लोकांना रडायचंय. ते अब्बावालं काढू या. आमच्याकडची डिस्क गेली, तुमच्याकडे आहे का?’

नाही म्हणालो.

‘हरकत नाही. राजावाल्याचा वेग कमी करू. अब्बा एवढा एकच शब्द लागेल, तो मशीन तिच्या आवाजात म्हणेल. सही लागत नाही, आवाजाचा कोणताही भाग म्हटलंय ना करारात. तरी तुम्ही तिला एकदा सांगून या. वाईट दिसायला नको.’

ती पाटोद्याला असते. नवरा तिथंच मेकॅनिक आहे, ती एका शाळेत मराठी शिकवते. कविता चालीत म्हणत नाही, वाचून दाखवते, असं तिच्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं. मी गेलो तेव्हा ती अंगणात वह्या तपासत होती. सगळं ऐकून घेतलं. तांबडं पेन बंद केलं.

‘अब्बा गेले की, भैय्या. हितंच माझ्याकडं, पोळ्याच्या आठ दिवस आधी. तुमाला कळलं न्हाई का?’

मला कळलं नव्हतं. माझ्या जिन्यावरून दिसणारं ते दुकान कित्येक महिने बंद होतं आणि मला वाटलं होतं, हंगाम नाही म्हणून असेल.

‘आता लावा म्हणावं त्यांना,’ ती म्हणाली. ‘ज्याला ऐकवायचं नव्हतं त्यो ऱ्हायला न्हाई.’ आणि पुढची वही ओढली.

ते काम मी घेतलं नाही. दुसऱ्या कुणीतरी केलं, पंधरा दिवसांत आलंसुद्धा. मी एकदा ऐकलं. मशीननं म्हटलेलं ‘अब्बा’ अगदी स्वच्छ आहे, कुठंही चिरत नाही. खाली लोकांनी लिहिलंय, ऐकताना वडिलांची आठवण आली.